वीस मिलिग्रॅमची गोळी

केमोनंतर काही वर्षांनी अण्णांचा आजार उलटला, तोवर मला क्लिनिकल ट्रायल म्हणजे माणसांवरचे प्रयोग एवढंच ठाऊक होतं, आणि त्याची चीड होती. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया तसा संथ. पण उलटला की जुनी औषधं पूर्वीइतकी लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र द्यायचं ठरवलं : व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या आणि सलाईनमधून रिटुक्सिमॅब.

सुरुवात फक्त २० मिलिग्रॅमची. मग दर आठवड्याला वाढवत ४०० पर्यंत. शिवाय भरपूर पाणी आणि वरचेवर रक्ततपासणी. इतकं सावकाश कशासाठी, असं मी अधीर होऊन विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बीसीएल-२ हे प्रथिन रोगट पेशींना मरू देत नाही. गोळी त्यालाच अडवते. मग पेशी एकदम मरतात, त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि किडनी, हृदय धोक्यात येतं. हीच जोडी आधी ४९ रुग्णांवर तपासली गेली. त्यांतल्या दोघांना हा त्रास झाला आणि एक जण दगावला. दोघांचीही सुरुवात ५० मिलिग्रॅमने झाली होती. त्यानंतर २० ने सुरू करून काळजी वाढवली, तेव्हा तसा त्रास कुणाला झाला नाही.

अण्णांची पहिली गोळी त्या माणसाच्या मरणाने ठरली होती. त्याचं नाव, गाव मला कधीच कळणार नाही.

पुढे मी मुरानो चाचणीबद्दल वाचलं. २० देशांतले ३८९ रुग्ण, सगळ्यांचा आजार उलटलेला किंवा औषधाला न जुमानणारा. १९४ जणांना ही जोडी मिळाली, १९५ जणांना बेंडामस्टीन आणि रिटुक्सिमॅब. कोण कुठल्या गटात, हे रुग्णाच्या हातात नव्हतं. २०१८ मध्ये निकाल छापून आला : दोन वर्षांनंतर आजार न बळावता जगणारे पहिल्या गटात ८४.९ टक्के, दुसऱ्यात ३६.३. अण्णांसाठी मी पहिलाच आकडा पुन्हा पुन्हा वाचत होतो. दुसऱ्या गटातल्या माणसांकडे लक्ष जायला वेळ लागला. ते नसते, तर पहिल्या आकड्याला अर्थच उरला नसता. आपल्या वाट्याला काय येईल हे माहीत नसताना त्यांनी सही केली होती. मला वाटतं, आमच्यावर जास्त उपकार त्यांचेच आहेत.

दोन वर्षांनी अण्णांच्या गोळ्या थांबल्या. त्या थांबवता येतात, हेही याच चाचणीतल्या माणसांनी दाखवून दिलं होतं.