सामायिक भिंत

नातवाचं बारसं ठरलं तेव्हा मी आईची ट्रंक उघडली. तळाशी धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली कुंची होती. खणाची, कडेची जर काळी पडलेली. आधी मी घातलेली, मग माझ्या लेकीनं. शेजारी मलमलची एक पुरचुंडी. आई जाऊन चार वर्षं झाली, पण तिनं मारलेली गाठ अजून घट्ट होती. आत मात्र काहीच नव्हतं. डांबरगोळ्या कधीच उडून गेल्या होत्या, वास तेवढा राहिला होता.

लेक दारातूनच म्हणाली, "आई, ते बाळाजवळ आणू नकोस हं."

बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन चाचणी केली होती. त्यात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी निघालं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वाफेनं फुटतात, कावीळ वाढते. घरातून डांबरगोळ्या हद्दपार करा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. मी ट्रंक मिटली. हात मात्र दिवसभर त्याच वासाचे राहिले, आणि त्या वासातून अकरावीची वही वर आली.

नॅप्थलीनची, म्हणजे याच डांबरगोळीची, आकृती काढायची होती. एकाला एक चिकटलेले दोन षटकोन. मी पट्टी लावून सुरेख काढले आणि दहाही कोपऱ्यांवर एकेक हायड्रोजन बसवला. सरांनी मधल्या दोन कोपऱ्यांभोवती लाल शाईची वर्तुळं केली. "या दोघांना पाचवा हात कुणी दिला गं?" वर्ग हसला. कार्बनला हात चारच. मधल्याचा एक हात डावीकडच्या शेजाऱ्याला, एक उजवीकडच्याला, एक जोडीदाराला, आणि चौथा यांच्यापैकीच एकाला दुसऱ्यांदा. हायड्रोजनला धरायला हात उरतोच कुठे? म्हणून कार्बन दहा असले तरी हायड्रोजन आठच. त्या दिवशी माझा एक गुण गेला. ती दोन लाल वर्तुळं आजही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

या आकृत्यांतली रेष मुळात कुणाची, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आर्चिबाल्ड कूपर नावाचा स्कॉटिश तरुण पॅरिसमध्ये काम करत होता. कार्बनला चार हात असतात आणि कार्बन कार्बनला धरू शकतो, हे त्यानं 1858 साली लिहिलं आणि अणूंमध्ये रेषा ओढून दाखवलं. निबंध मांडायला प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडून उशीर झाला. तेवढ्यात ऑगस्ट केकुलेचा लेख छापून आला आणि मान त्याला मिळाला. कूपर प्रमुखाशी भांडला, बाहेर पडला, मायदेशी परतल्यावर मनानं खचला. पुढची तीसेक वर्षं, 1892 साली मरेपर्यंत, रसायनशास्त्र त्याच्या हातून झालं नाही. आईनं त्याला सांभाळलं. केकुलेचं सापाचं स्वप्न सगळ्यांना पाठ असतं, कूपरच्या आईबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही. नॅप्थलीनचे दोन षटकोन 1866 साली एर्लेनमायरनं सुचवले, शंकूपात्राला ज्याचं नाव आहे तोच. मला माझी चूक आठवली की राग मात्र केकुलेचाच येतो. त्याला काही अर्थ नाही, तरी येतो.

त्या रेषेत नेमकं असतं काय, हे बर्कलीच्या गिल्बर्ट लुईसनं 1916 साली सांगितलं. एक रेष म्हणजे दोन अणूंत सामायिक असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. क्लोरीनच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. दोघांचे मिळून चौदा. पण एकेकाच्या घरात शिरून मोजा, दोन्हीकडे आठ भरतात. आठ दुणे सोळा. वरचे दोन आले कुठून? कुठूनच नाही. मधली जोडी याच्याही खात्यावर धरायची आणि त्याच्याही.

असा हिशोब आमच्या काकांना चालला नसता.

आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीनं जोडलेलं होतं. भिंतीत दोन्हीकडून उघडणारं फडताळ होतं. आई त्यात वाटीभर आमटी ठेवायची, काकू पलीकडून घ्यायची. वाटणीच्या वेळी काका म्हणाले, भिंत कुणाच्या हिश्शात ते आधी ठरवा. आबा म्हणाले, दोघांच्या. कागदावर लिहिलंसुद्धा तसंच, सामायिक. काकांना ते पटलं नाही. त्यांनी आपल्या बाजूनं वीतभर फट सोडून नवी भिंत उठवली. फडताळ पलीकडून बुजलं. फटीत पावसाचं पाणी मुरायला लागलं, आमच्या माजघराला ओल आली, कपड्यांना कसर लागली. आईच्या ट्रंकेत डांबरगोळ्या आल्या त्या त्या पावसाळ्यात. काकांना जाऊन वीस वर्षं झाली. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

वही आठवली म्हणून परवा पुन्हा आकृती काढून पाहिली. दुहेरी रेषा तीन तऱ्हांनी बसतात. तिन्ही चित्रं नियमात बसतात आणि एकटं कुठलंच खरं नाही. ते इलेक्ट्रॉन दोन्ही षटकोनांवर पसरलेले असतात. आणि त्या दोन षटकोनांमधली बाजू, ती डावीकडच्याची की उजवीकडच्याची, हे विचारण्यात काही हशील नाही. तिच्या दोन टोकांना ते दोघे, ज्यांचे हात रिकामे नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या वर्गात माझ्या कानावरून गेली होती. डांबरगोळी उडून जाते तेव्हा रेणूतला एकही बंध तुटत नाही. गोळीतले रेणू एकमेकांना सोडून निघतात, कारण त्यांच्यातली ओढच हलकी असते. आतून प्रत्येक रेणू अख्खा राहतो. परवा ट्रंकेतून माझ्या नाकापर्यंत आले ते आईनं बांधलेल्या गोळ्यांतलेच होते. दहा कार्बन, आठ हायड्रोजन, काही कमी नाही.

बारसं बाजारातून आणलेल्या नव्या कुंचीत झालं. जुनी मी धोतराच्या तुकड्यात गुंडाळून परत ठेवली, ट्रंक लेकीच्या घरापासून लांब, माझ्याकडे. पुरचुंडीची गाठ सोडली नाही.