अकरा लेख, एक ग्रंथ

माणसे एकत्र आणणे अवघड, असे थोर लोक सांगत आले आहेत. लेख एकत्र आणणेही काही सोपे नसते, हे मला यंदा समजले. आमच्या वर्गातील अकरा जणांनी आपापल्या गावच्या शेतीच्या अवजारांवर प्रकल्पलेख लिहिले. त्यांचा एक ग्रंथ करण्याचे काम सरांनी माझ्याकडे सोपवले.

लेख 'लाटेक'मध्ये होते. डोनाल्ड नूथ या अमेरिकन विद्वानाला १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत, म्हणून त्याने अक्षरजुळणीची 'टेक' ही प्रणाली रचायला घेतली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्टने १९८० नंतरच्या दशकात 'लाटेक' उभारले. लेखकाने मजकुरात खुणा करायच्या, हे शीर्षक, ही तळटीप. पान संगणक जुळवतो.

अशा प्रत्येक फाईलला एक डोके असते. कागद केवढा, टाईप कोणता, समास किती, हे सारे त्यात. मग 'मजकूर सुरू' आणि शेवटी 'मजकूर संपला' अशी खूण. अकरा फाईली एकीखाली एक चिकटवल्या, तर पहिल्या लेखाच्या अखेरीस 'संपला' वाचून संगणक थांबतो. उरलेल्या दहा जणांकडे तो ढुंकूनही पाहत नाही!

तेव्हा उपाय असा. एक मुख्य फाईल करायची, डोके तिलाच ठेवायचे. बाकीच्यांची डोकी आणि सुरुवातीच्या व शेवटच्या खुणा काढून 'इन्क्लूड' या आज्ञेने एकेकाला आत बोलवायचे. दोन लेखांत एकाच नावाची खूण असेल, तर एकीचे नाव बदलायचे. मग सारा ग्रंथ निदान दोनदा जुळवायचा. पहिल्या खेपेस कोण कोणत्या पानावर आहे याची टिपणे होतात, दुसऱ्या खेपेस ती वाचून अनुक्रमणिका भरते.

माझी आई गोधडी शिवते तेव्हा जुन्या सदऱ्याची कॉलर आणि गुंड्या आधी काढते. कापडाचा रंग मात्र ती कधी धुऊन काढत नाही.

हे आठवायचे कारण असे, की डोकी एक झाल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "आता भाषाही एकसारखी करून टाकू. कोणी तिफण लिहितो, कोणी पाभर. प्रमाण शब्द एकच ठेव."

मित्रहो, आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडले, की मागच्या बाकांवरून हसू ऐकू येई. हळूहळू मी गावचे शब्द फाटकाबाहेर ठेवून आत येऊ लागले. त्यामुळे एकसारखे होण्याची किंमत मला ठाऊक होती.

मी त्याला मुख्य फाईल उघडून दाखवली. म्हटले, "समास, टाईप, शीर्षकाचा आकार इथे आहे. सगळ्यांनी मिळून पाळायचे ते एवढेच. मजकूर ज्याचा त्याच्या फाईलमध्ये आहे, आणि तिथे मी हात घालणार नाही." तो काही वेळ वाद घालत राहिला. सरांनी दोघांचे ऐकून घेतले आणि मजकूर आहे तसा ठेवायला सांगितले.

ग्रंथ आता आमच्या ग्रंथालयात आहे. तिफण आणि पाभर त्यात एकाच टाईपात, पाठोपाठच्या लेखांत आहेत. माझ्या लेखातले शब्द मी गावी बोलते तेच आहेत.