हांकांची उतरंड

जो दुसऱ्यास काम सांगतो, त्यास उत्तर येईपर्यंत थांबावें लागतें. व्यवहारांतील हा साधा नियम संगणकाच्या पोटांतही पाळिला जातो. टिकल नांवाच्या भाषेचा अभ्यास करितांना तो आम्हांस स्पष्ट दिसला. आणि त्यांत ढवळाढवळ करण्याची मुभाही ती भाषा देते, हें पाहून नवल वाटलें. ही भाषा जॉन ऑस्टरहाउट यांनीं १९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत निर्माण केली.

संगणकास द्यावयाच्या सूचना लहान लहान गटांत बांधितात; अशा गटास फंक्शन म्हणतात. समजा, १ पासून ५ पर्यंतच्या आंकड्यांचा गुणाकार करावयाचा आहे. त्यासाठीं फंक्शन '४ पर्यंतचा किती?' अशी स्वतःलाच पुन्हा हांक मारितें. ती हांक ३ पर्यंतचा विचारते. आणि असें करीत १ पर्यंत पोहोंचल्यावर उत्तरें उलट फिरतात : १, २, ६, २४, १२०. तोंवर प्रत्येक हांक आपला आंकडा जवळ धरून थांबलेली असते. आजीच्या माजघरांतील मडक्यांची उतरंड ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस हें सहज समजेल. शेवटीं ठेविलेलें मडकें प्रथम काढावें लागतें. मधलेंच ओढलें तर सारी रास कोसळते. या रचनेस 'कॉल स्टॅक' म्हणतात. ती अमर्याद वाढूं नये म्हणून टिकलनें एरवीं १,००० हांकांची मर्यादा घातली आहे.

एका मडक्यांतील वस्तु दुसऱ्यानें हाताळूं नये, हा सर्वसाधारण नियम. परंतु टिकलमध्यें 'अपवार' या आज्ञेनें हांक मारणाऱ्याच्या मडक्यांत हात घालतां येतो; आणि 'अपलेव्हल' या आज्ञेनें एखादी सूचना जणूं त्यानेंच दिली अशा रीतीनें चालवितां येते. ही सोय उगाच नाहीं. या भाषेंत 'जर' आणि 'जोंवर' या अर्थाचे शब्दही इतरांसारख्या साध्या आज्ञाच आहेत. म्हणून शिकणाऱ्यासही नवी आज्ञा घडवितां येते. 'आधीं करा, मग अट पाहा' अशी एक आज्ञा आम्हीं घडविली, आणि ती जणूं भाषेंत मुळापासूनच होती अशी चालली.

मात्र या बळांत भयही आहे. समजा, एक फंक्शन विद्यार्थ्याच्या गुणांची 'बेरीज' करीत आहे, आणि त्यानें केवळ नांव छापण्यासाठीं दुसऱ्यास हांक मारिली. त्या दुसऱ्यानें न विचारतां 'बेरीज' शून्य केली, तर हुशार विद्यार्थीही नापास ठरेल. आणि पहिल्या फंक्शनाच्या ओळी शंभर वेळां वाचल्या तरी दोष सांपडणार नाहीं, कारण तो तेथें नाहींच.

यावर उपाय बंदी नव्हे, मर्यादा होय. हांक मारणाऱ्यानें ज्या वस्तूचें नांव आपल्या हातीं दिलें, तिलाच अपवारनें स्पर्श करावा. जी सूचना त्यानें सोंपविली, तीच अपलेव्हलनें चालवावी. मग काय बदलूं शकेल, हें वाचणाऱ्यास हांकेच्या ओळींतच दिसतें.

२०१२ सालच्या ८.६ या आवृत्तींत 'टेलकॉल' ही आज्ञा आली. शेवटचें काम दुसऱ्यास द्यावयाचें असेल, तर तिच्या योगें फंक्शन आपलें मडकें उचलून जागा मोकळी करितें, आणि उत्तर थेट मूळ विचारणाऱ्यास मिळतें. तेथेंही थांबलेल्याचा विश्वासघात होत नाहीं.

आज आपण लिहिलेला प्रोग्रॅम उद्यां दुसरा वाचणार असतो. दुसऱ्याच्या मडक्यावरील झांकण काढतां येत असलें, तरी विचारल्यावांचून तें न काढणें, हें जसें सभ्यतेचें, तसेंच चांगल्या प्रोग्रॅमचेंही लक्षण आहे, असें आम्हांस वाटतें.