धुळवडीचे कायदे

होळीच्या सणाला ताळतंत्र नसतें, असें आपण सुशिक्षित लोक सहज बोलून जातों. धर्माबादेस राहणाऱ्याला मात्र तसें म्हणवत नाहीं. येथून गोदावरी ओलांडून बोधनच्या बाजूस गेलें कीं हुनसा नांवाचें गांव आहे. तेथें धुळवडीच्या सायंकाळीं दोन तट समोरासमोर उभे राहतात, मध्यें एक दोर असतो, आणि दोराच्या दोन्ही बाजूंनीं एकमेकांवर ठोसे चालतात. हत्यार काय तें मूठ! कांहीं वेळानें खेळ थांबतो आणि मारणारे व मार खाणारे एकमेकांस मिठी मारतात. हें चुकलें तर गांवावर अरिष्ट येतें, अशी समजूत. म्हणून पोलिसांनीं परवानगी नाकारूनहि हा खेळ झालेला आहे.

आतां बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांतलें विडा पाहा. तेथें कोणी कोणावर हात उगारीत नाहीं. धुळवडीस गांवच्या एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यांत पायताणांची माळ घालून वाजतगाजत मिरवितात. आणि मग लोकवर्गणींतून नवा पोषाख व सोन्याची अंगठी देतात. निजामी अमदानींत ठाकूर आनंदराव देशमुख यांच्या जावयाच्या थट्टेपासून ही चाल पडली, असें सांगतात. सण जवळ आला कीं जावईबापू बेपत्ता होतात आणि त्यांच्या शोधार्थ पथकें निघतात!

थट्टा आणि आहेर यांची ही जोडी एकट्या मराठवाड्याची नव्हे. सर्बियांत नाताळच्या सकाळीं घरीं येणारा पहिला पाहुणा शुभशकुनाचा मानीत. कित्येक ठिकाणीं चुलीजवळ बसतांना त्याच्या खालचें बसकें ओढून त्याला पाडावयाचें, आणि निघतांना सदरा, मोजे असें कांहींतरी द्यावयाचें, अशी रीत होती.

हुनशाचे ठोसे मला रानटी वाटतात. विड्याच्या हकीकतीला आमचें सारें घर हंसतें. परंतु यंदा ती मीं रंगवून सांगत असतां आमच्या नव्या जावयांनीं विचारलें, "मामा, तिथल्या जावयाला नको म्हणतां येतं का हो?" मी थबकलों. हुनशांत ज्याला ठोसे नकोत त्याला दोरापासून लांब उभें राहून पाहतां येतें. विड्याच्या जावयाला मात्र पळून जाणें एवढाच नकार ठाऊक! मग ती अंगठी म्हणजे त्याच्या संमतीची पावती, कीं नकाराची भरपाई?

जावई उत्तराची वाट पाहत होते. मुलीनें मात्र अंगठी किती तोळ्यांची असते, एवढेंच विचारलें.