काडतुसाचा शिक्का वर की खाली?

रोह्याचा एक मित्र परवा पेणला आला होता. पोराला नेमबाजीचा नाद लागलाय. पोरगा आधी एअर रायफल मारायचा, आता .२२ रायफलवर ५० मीटर. मित्र म्हणाला, "अरे, पोरगा प्रत्येक काडतूस बुडाचा शिक्का वर करूनच नळीत घालतो. कोणीतरी सांगितलंय की नेम सुधारतो. खरं काय ते तू पत्रकार म्हणून शोध."

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून घराघरातून असे प्रश्न येतात. बरं, आपल्या जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर पनवेलमध्येच मुलं घडवतात.

आधी अंतर समजून घ्या. ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. गोळी ५.६ मिलिमीटरची. इथे केसभर फरकालाही किंमत असते, त्यामुळे पोराचं म्हणणं अगदीच खुळचट नाही. .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर एकाच जागी आपटते. मसाला कुठे कमी, कुठे जास्त असेल तर स्फोट कमीजास्त होणार. गोळी जराशी तिरकी बसली असेल तर नळीतून निघतानाच ती भरकटते. सगळी काडतुसं एकाच दिशेने ठेवली तर चूकही एकाच दिशेला जाईल, असा हा हिशेब.

पण इथेच गोम आहे. शिक्का रिकाम्या पितळी पुंगळीवर आधी उमटतो, मसाला आणि गोळी नंतर भरतात. तेव्हा पुंगळी कशीही फिरलेली असते. म्हणजे शिक्का वर असला तरी गोळीचा तिरकेपणा कुठल्याही बाजूला असू शकतो. प्रत्येक काडतूस फिरवून, मोजून, तिरकी बाजू खुणेने धरली तर गोष्ट वेगळी. नुसत्या शिक्क्याला त्यातलं काही माहीत नसतं.

तरी आम्ही करून बघितलं. रेंजवर सरांनी नाणं उडवून ठरवायचं आणि काडतूस स्वतः भरायचं. शिक्का कुठे आहे ते पोराला कळू द्यायचं नाही. वीस इकडचे, वीस तिकडचे. फरक निघाला, पण इतका किरकोळ की एक चाप चुकला असता तर निकाल उलटला असता. चाळीस गोळ्यांत यापेक्षा जास्त काही कळत नाही, हेही खरं. पाच-पाच गोळ्या मारून "बघा, सुधारला" म्हणणाऱ्यांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

मग सरांनी त्याच कंपनीची, पण दुसऱ्या लॉटची डबी उघडली. गोळ्या डोळ्यांदेखत पांगल्या. पोरगा तोच, रायफल तीच.

पेणकरांना हे वेगळं सांगायला नको. साचा एकच, कारागीर एकच, पण त्या दिवशीची माती वेगळी भिजली की मूर्ती वेगळी निघते. म्हणूनच मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात जातात, अनेक लॉट मारून बघतात आणि जो लॉट त्यांच्या नळीला मानवतो त्याचाच साठा उचलतात. माझ्या मित्राला मात्र मिळेल ती डबी घ्यावी लागते. लॉट नंबर बघायचा असतो हेसुद्धा त्याला त्या दिवशीच कळलं.

खरी दरी इथे आहे, आणि ती शिक्का फिरवून भरणार नाही. आमची मागणी साधी आहे: सरावाची काडतुसं मुलांना देताना दोन-तीन लॉटची एकेक डबी आधी मारून बघू द्या, आणि मग जो लॉट जमेल त्याचीच पुढची खरेदी करू द्या. अलिबागला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना तसं निवेदन द्यायचं ठरवलंय. पेण, रोहा, नागोठण्यातले कोणी पालक यात असतील तर इनबॉक्समध्ये कळवा, सह्या लागतील.

पोरगा अजूनही शिक्का वरच ठेवतो. म्हणतो, "काका, तेवढ्यात श्वास जागेवर येतो." ठेवू दे.