वर्षाची वही

गेल्या मार्गशीर्षात नातू पुण्याहून चार दिवस राहायला आला. वेबसाइट बनविणे हा त्याचा व्यवसाय. त्यात त्याची 9 वर्षे गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा आटोपून ओसरीवर आलो, तर हा वही उघडून बसलेला. एका पानावर 'यंदा काय केले', दुसऱ्यावर 'पुढल्या वर्षी काय शिकायचे'. दुसऱ्या पानावर 14 कलमे होती आणि चेहऱ्यावर झोप नव्हती.

म्हणाला, "आजोबा, शिकलेले टिकतच नाही. कॉलेजात फ्लॅश शिकलो, ते 2020 च्या अखेरीस बंद पडले. मग रिअॅक्ट शिकलो. आता तर यंत्राला नुसते सांगितले की तेच कोड लिहून देते. आणखी 14 गोष्टी शिकलो तरी माझी गरज राहील का?"

मी उठलो आणि माझी जुनी ट्रंक ओढून आणली. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत माझी 4 वर्षे गेली. तेथून बाहेर पडताना गुरुजींनी एक नेम लावून दिला होता. कार्तिकी झाली की वर्षाचा हिशेब वहीत मांडायचा. बिदागीचा नव्हे, सेवेचा. त्या वह्यांतली एक मी त्याच्यापुढे ठेवली.

ते कॅसेटचे दिवस होते. एका गावच्या मंडळींनी स्पष्टच सांगितले, "बुवा, यंदा सप्ताहात दोन दिवस टेप लावू. बिदागी वाचेल." मी हादरलो. त्या भयापोटी मी काय केले? स्वतःच कॅसेट झालो. एक कीर्तन घोटून तयार केले. तेच दृष्टांत, तोच विनोद, टाळ चढवायची जागाही तीच. त्या वर्षी वहीत 112 कीर्तनांची नोंद आहे. खरे पाहता ते एकच कीर्तन मी 112 वेळा केले.

त्यातच एका गावी सप्ताहाला गेलो. दोन दिवसांपूर्वी तेथला एक तरुण मुलगा विहिरीत बुडून गेला होता. मी कोणाला काही विचारले नाही. वीणेकऱ्याच्या पाया पडलो आणि उभा राहिलो. आईचे न ऐकणाऱ्या पोराचा विनोद ठरलेल्या जागी आला. कोणी हसले नाही. पुढे बसलेल्या एका म्हातारीने पदर तोंडावर घेतला. त्या मुलाला तिने अंगाखांद्यावर खेळवले होते, हे मला नंतर कळले. त्या रात्रीची नोंद एका ओळीची आहे : 'समोर कोण बसले आहे ते पाहिले नाही.'

तेव्हापासून गावात तासभर आधी जायचे, पारावर बसायचे, गावाची सुखदुःखे ऐकायची आणि मगच अभंग निवडायचा, हा नेम धरला. तो शेवटच्या कीर्तनापर्यंत पाळला.

नातवाला विचारले, "यंदा तू समोर कोणाला पाहिलेस?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "एक अंध गृहस्थ आले होते. पडद्यावरचे वाचून दाखवणारे यंत्र ते वापरतात. आमच्या अर्जात एका बटणावर नुसते चित्र होते, त्याला नाव दिलेले नव्हते. त्यामुळे यंत्र त्यांना फक्त 'बटण' एवढेच सांगायचे. कशाचे बटण, ते कळायला मार्ग नाही. मी तासभर त्यांच्याजवळ बसून पाहिले. मग प्रत्येक रकान्याला नाव दिले, माउसशिवाय नुसत्या कळा दाबून अर्ज भरता येईल असे केले. दोन दिवसांचे काम. नंतर त्यांनी तो अर्ज एकट्याने भरला."

"हे वहीत कोठे आहे?"

"लिहिले नाही. कोणी सांगितलेले काम नव्हते ना ते."

माउली, आपलेही असेच होते. ज्याची कोणी दाद घेतली तेवढेच आपण जमेला धरतो. सेवा मात्र बहुधा न सांगितलेल्या कामातच घडलेली असते.

मग पुढल्या वर्षाचे पान घेतले. त्याला म्हटले, "आळंदीहून निघताना कोणी पंढरपूरपर्यंतची सगळी वाट पहिल्याच दिवशी चालत नाही. माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री विसावते, मग दिवेघाटाची लांब चाल करते आणि सासवडला पुन्हा दोन रात्री थांबते. चालीइतकाच मुक्कामही ठरलेला असतो. तुझ्या यादीत मुक्काम कोठे आहे?"

त्याने 11 कलमांवर रेघ मारली. उरलेल्या तिन्हींना चार-चार महिने दिले आणि मधे विसाव्याचे दिवस धरले. खाली नवे कलम लिहिले : महिन्यातून एक दिवस, आपली वेबसाइट वापरणाऱ्या माणसाशेजारी बसायचे.

नोकरी टिकेलच, असे आश्वासन मी त्याला दिले नाही. कॅसेटने माझेही काही सप्ताह नेलेच. पण समोरच्याकडे पाहायची सवय तिला नेता आली नाही. ती मी भयापोटी आपल्या हाताने टाकली होती, आणि आपल्याच हाताने परत उचलावी लागली.

आता कंठ राहिला नाही, कीर्तन थांबले. वही मात्र चालू आहे. नातू गेला त्या रात्री तीत लिहिले : 'आज एक श्रोता. नीट पाहिला.'

रामकृष्ण हरी.