मागे राहणाऱ्याचे गाव

निवृत्तीनंतर कुठे राहावे हा प्रश्न डॉक्टरला विचारण्याचा नाही, असे आपल्याला वाटेल. तरीही माझ्या जेऊरच्या दवाखान्यात तो वारंवार येतो. रक्तदाब मोजून झाला, चिठ्ठी लिहून झाली की रुग्ण उठता उठता थबकतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मुलगी म्हणते पुण्याला या. हिला माहेरच्या गावी जायचंय. काय करावं?" कोणाचे माहेर इंदापूरला असते, कोणाचे विजापूरकडे. आमच्या घरात हाच प्रश्न थोड्या लांब पल्ल्याचा आहे. माझ्या पत्नीचे माहेर मॉरिशसमध्ये आहे.

तिचे पूर्वज रत्नागिरीकडचे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून कराराने मजूर नेण्यास 1834 मध्ये सुरुवात झाली. त्या काळात मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी कुटुंबांची ही पुढची पिढी. मजूर जिथे उतरत ते पोर्ट लुईचे आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा स्थळ आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते आणि शाळेत मराठी विषय घेता येतो. भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ती पुण्यात शिकायला आली, आमची ओळख झाली, लग्न झाले. त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. केळीच्या बागा, उजनीचे पाणी आणि चैत्र-वैशाखाचे ऊन यांच्यात तिने संसार केला. माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा चार वर्षे तिनेच तिचे सारे केले. आता तिची स्वतःची आई वाक्वा या गावी शहाऐंशी वर्षांची आहे आणि तिचे सारे भावजय करते. पत्नीने ही तुलना एकदाही बोलून दाखवलेली नाही. मागच्या दिवाळीत ती एवढेच म्हणाली, "दवाखाना बंद करशील तेव्हा आपण तिकडे राहायचं का?"

ती छप्पन्नची आहे, मी अठ्ठावन्नचा. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर देण्याइतके आमचे हातपाय अजून धड आहेत.

अशा वेळी लोक आधी हवा, मग पैसा, मग कागदपत्रे पाहतात. हा क्रम मला पटत नाही, पण टाळूनही चालत नाही, म्हणून तेवढे आधी उरकून घेतो. वाक्वा डोंगरमाथ्याकडचे, थंड आणि ओलसर गाव आहे. जेऊरचे कोरडे ऊन सोसलेल्या माझ्या छातीला ती ओल मानवेल का, हे राहून पाहिल्याशिवाय कळणार नाही. सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जवळच कांदोसला व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. वृद्धांना 2005 पासून बसप्रवास मोफत आहे. सरकारी वृद्ध निवृत्तिवेतन आजवर साठाव्या वर्षी सुरू होत असे. ते वय टप्प्याटप्प्याने पासष्टवर नेण्याचे 2025 च्या अंदाजपत्रकात ठरले. त्याला वास्तव्याच्या अटीही आहेत, त्यामुळे अर्धे आयुष्य बाहेर काढलेल्याने ते गृहीत धरू नये. इकडची बाजू पाहिली, तर सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर 2024 पासून झाली आहे. पण ती भारतातल्या रुग्णालयांपुरती. आपली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसीही बहुधा देशाच्या सीमेशी थांबते. पॉलिसीचा कागद काढून तेवढी ओळ वाचून घ्यावी.

कागदपत्रांत एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरी उपयोगी पडेल. आता मुलांची लग्ने परदेशी नागरिकांशी होतात. भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करू शकतो. या कार्डावर भारतात कितीही काळ राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र ती मिळू शकते. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी मृत्युपत्र का लांबवू नये, हे यावरून लक्षात यावे. मॉरिशसमध्ये वारशाचा कायदा फ्रेंच नागरी संहितेवर आधारलेला आहे. तिथे मुलांचा काही हिस्सा राखीव असतो आणि आपल्या मनाप्रमाणे सारे वाटून टाकता येत नाही. दोन देशांत मालमत्ता असेल, तर दोन्हीकडच्या वकिलांना विचारावे. शेजाऱ्याच्या मेहुण्याचा सल्ला इथे कामाचा नाही.

आता मला खरोखर जे सांगायचे आहे त्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी जवळच्या वाडीवरून एका आजींना माझ्याकडे आणले. पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, सोलापूरला उपचार झाले होते, उजवा हात लुळा होता. मुलांची तक्रार वेगळीच होती. "आई सारखी 'नऊ, नऊ' म्हणते. कसले नऊ, काही कळत नाही." नऊ वाजले का, नऊ माणसे का, नऊशे रुपये का, असे सारे तर्क करून झाले होते. माझ्या पत्नीला बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका अक्कलकोटच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्या 'नोवु' म्हणतायत. दुखतंय म्हणतायत." आजींचे माहेर कानडी मुलखातले. पन्नास वर्षे त्या घरात मराठीच बोलल्या होत्या. त्यांना कानडी येते, हे नातवंडांना ठाऊकही नव्हते. खांदा निखळल्यासारखा दुखत होता आणि त्या आठवडाभर ते सांगत होत्या.

वैद्यकशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. पक्षाघातात किंवा स्मृतिभ्रंशात मेंदूतील भाषेवर परिणाम झाला, तर मोठेपणी शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि लहानपणीची मागे टिकते. प्रत्येकाचे असेच होते असे नाही. काहींच्या दोन्ही भाषा सारख्याच जातात, काहींची रोज वापरातली उरते. पण दोन भाषांत आयुष्य घालवलेल्या वृद्ध माणसाची शुश्रूषा करणाऱ्याने ही शक्यता मनात ठेवलीच पाहिजे. रुग्ण "बडबडतो" असे म्हणण्याआधी तो कोणत्या भाषेत बोलतो आहे, हे विचारावे.

त्या दिवशी माझ्या मनात घरचा विचार आला. माझ्या पत्नीचे मराठी उत्तम आहे, करमाळ्याच्या बाजारात घासाघीस करण्याइतके. पण ते शाळेत शिकलेले आणि इथे मुरलेले. आईच्या मांडीवर ती बोलली ते क्रिओल. मॉरिशसमधल्या बहुतेक मराठी घरांत आज रोजची बोली तीच आहे. उद्या जेऊरच्या घरात तिचे मराठी गळून पडले, तर तिला तहान लागल्याचे कोणाला कळेल? आणि मी वाक्वात म्हातारा झालो, माझे इंग्रजी विरून गेले, तर तिथे माझे 'पाठीत उसण भरली' कोण समजून घेणार?

म्हणून मी माझ्या रुग्णांना आता एक वेगळा प्रश्न विचारतो. दोघे मिळून कुठे राहाल, हे थोडा वेळ बाजूला ठेवा. दोघांपैकी एक जण गेल्यावर जो मागे राहील, तो त्या गावात एकटा राहू शकेल का? त्याला तिथे बोलायला कोणी असेल का, औषध आणायला रस्ता ओलांडता येईल का, रात्री दार कोण वाजवील? जोडप्यांना हा प्रश्न अभद्र वाटतो. नवरा गप्प होतो. बायको बहुधा हसते, कारण तिने तो विचार आधीच केलेला असतो.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, चिनी भाषा शिकले आणि 1941 मध्ये त्यांनी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. त्यांच्या पत्नी सोलापूरला स्थायिक झाल्या नाहीत. त्या आपल्या देशात, आपल्या माणसांत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटायला भारतात येत राहिल्या आणि 2012 मध्ये चीनमध्येच निवर्तल्या. लहानपणी ही कथा ऐकताना मला त्या इकडे का आल्या नाहीत, असे वाटायचे. आता वाटत नाही. सासर हे नात्याचे ठिकाण राहू शकते. तिथे कायमचे राहिलेच पाहिजे असे नाही.

उलट उदाहरणही आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम केले आणि 1936 मध्ये बेल्जियन तरुणीशी लग्न केले. उतारवयात ते मायदेशी परतून नागपूरला राहिले आणि 1967 मध्ये तिथेच वारले. ज्याने तारुण्यात देश सोडला, त्याला परतण्याची ओढ असते हे आपण समजून घेतो. जोडीदाराला मात्र ते परतणे नसते, त्याच्यासाठी ते नव्याने परदेशी जाणे असते. हा फरक नवऱ्यांच्या लक्षात उशिरा येतो. माझ्या बाबतीत आता पाळी उलट आहे, म्हणून मला तो लवकर दिसला एवढेच.

माझ्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. जेऊरमध्ये स्टेशनापासून घरापर्यंत चालत आलो, तर दहा जण "डॉक्टर" म्हणून हाक मारतात. तिथल्या वैद्यक परिषदेच्या नोंदणीशिवाय मला मॉरिशसमध्ये साधी खोकल्याची चिठ्ठीही लिहिता येणार नाही. तिथे मी फक्त अमुकीचा नवरा असेन. ती गेली तीस वर्षे इथे डॉक्टरांच्या मॅडम आहे, तेव्हा याबद्दल मी फार बोलू नये हे बरे.

आपल्यापैकी कोणी असा विचार करत असाल, तर जाऊन राहून पाहा, पण सुटीला गेल्यासारखे नको. वाईट ऋतूत जा. मॉरिशसमध्ये जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस. इशाऱ्याचे चार वर्ग असतात आणि तिसरा लागला की बस बंद होतात, लोक घरात बसतात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसाने हे आधी माहीत करून घ्यायला हवे. परदेशातून जेऊरला येऊ पाहणाऱ्यांना मी मे महिना सुचवतो. तीन महिने राहावे, तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत एकदा तरी बसावे, आणि घर मात्र लगेच विकू नये. औषधांची नावे कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ रसायनाच्या नावाने लिहून घ्यावीत. आपल्या गोळीचे इथले नाव तिथल्या औषध दुकानात कोणी ओळखेलच असे नाही, मेटफॉर्मिन मात्र सगळीकडे मेटफॉर्मिनच असते.

आमचे काय ठरले, हे विचाराल. येत्या जानेवारीत आम्ही तीन महिन्यांसाठी जात आहोत. दवाखाना एक तरुण डॉक्टर जोडपे पाहील. पत्नीच्या आई आहेत तोवर तिने तिथे अधिक काळ राहावे आणि मी येऊन-जाऊन असावे, इथवर आमचे एकमत आहे. मुंबईहून विमान सुमारे सहा तासांचे आहे, घड्याळ दीड तास मागे. त्यापुढचे तिनेच स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सांगितले, "मी मागे राहिले तर मी भावाकडे जाईन. तू मागे राहिलास तर इथे ये, लेक पुण्याहून येऊन पाहील. एकमेकांच्या गावात एकट्याने राहायचं नाही." मला याचे वाईट वाटायला हवे होते. मला हायसे वाटले. मुलीला हे फोनवर सांगितले, तेव्हा ती रडली आणि मग तिने ते दोघांच्या सहीने लिहून ठेवायला सांगितले. आम्ही ते लिहिले आहे.

एक काम मात्र माझ्याकडे आले आहे. जेऊरच्या घरात तिची भाषा कळणारे कोणीतरी हवे, म्हणून मी क्रिओल शिकतो आहे. दिलो म्हणजे पाणी, लातेत म्हणजे डोके, व्हांत म्हणजे पोट. लेकीसाठीही असे एक पान करून फ्रिजवर लावले आहे. ज्यांच्या घरी आजीची बोली वेगळी आहे, त्यांनी तिला बोलता येते आहे तोवर तिच्याकडूनच असे पान लिहून घ्यावे. तहान, भूक, दुखणे, शौच, थंडी, भीती, एवढे शब्द पुरतात. गेल्या रविवारी मी सासूबाईंना फोनवर "की मान्येर?" म्हणजे कशा आहात, असे विचारले. त्या खूप हसल्या आणि मग भराभर काहीतरी सांगू लागल्या. त्यातले 'व्हांत' तेवढे मला कळले. कधीपासून दुखते, हे कसे विचारायचे, ते आता मी पाठ करतो आहे.